चार भाषांच्या अंगणात वाढणारे मूल



बंगळूरुसारख्या महानगरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील दोन वर्षांच्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी आई त्याला मराठीतून उठवते. आई-वडील कामावर गेले की त्याला सांभाळणाऱ्या मावशी दिवसभर त्याच्याशी कन्नडमध्ये बोलतात. संध्याकाळी आवारात खेळायला जमणाऱ्या मुलांची भाषा हिंदी असते. आणखी काही महिन्यांनी ते ज्या प्ले-ग्रुपमध्ये जाणार, तेथील व्यवहार इंग्रजीत चालणार. २०११ च्या जनगणनेत एकट्या कर्नाटकात सुमारे २० लाख लोकांनी आपली मातृभाषा मराठी असल्याचे नोंदविले होते. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणारे आहेत आणि नोकरी-व्यवसायानिमित्त गेलेलेही आहेत. हैदराबाद, चेन्नई, अहमदाबाद, दिल्ली येथील मराठी घरांतही भाषा बदलतात, चित्र मात्र तेच असते. आणि आता मुंबई-पुण्याच्या मोठ्या गृहसंकुलांतही ते फारसे निराळे राहिलेले नाही.

असे मूल वयाच्या मानाने कमी बोलते, अशी शंका आली की घरात काळजी सुरू होते आणि चहूबाजूंनी सल्ले येऊ लागतात. नातेवाईक म्हणतात, एवढ्या भाषांनी पोर गोंधळून जाईल. शेजारी म्हणतात, शाळेत जायचेच आहे, तर घरीही इंग्रजीच बोला. काही ठिकाणी शाळेतूनही तशी सूचना येते. या सर्व सल्ल्यांचे तात्पर्य एकच असते : एखादी भाषा कमी करा. पण कोणती? मावशींची कन्नड कमी करता येत नाही, आवारातील हिंदी थांबविता येत नाही आणि इंग्रजीला हात लावण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. राहता राहिली मराठी. मग कोणताही निर्णय जाहीर न होता, कोणी तशी इच्छाही न करता, मुलाशी होणाऱ्या बोलण्यातून मराठी हळूहळू मागे सरते. म्हणून दोन प्रश्नांचा शांतपणे विचार झाला पाहिजे. अनेक भाषांचा भार बालमनाला खरोखर पेलत नाही काय? आणि पेलत असेल, तर मग घरची भाषा का हरवते?

बालकाच्या कानाचे सामर्थ्य

मूल भाषा ऐकू लागते ते जन्मापूर्वीच. आईच्या उदरात शब्द स्पष्ट पोहोचत नाहीत, परंतु बोलण्याची लय आणि चढउतार पोहोचतात. फ्रान्समधील संशोधकांनी १९८८ मध्ये असे दाखवून दिले की, अवघ्या चार दिवसांच्या फ्रेंच बालकांना फ्रेंच आणि रशियन या भाषांतील फरक जाणवतो. कॅनडातील व्हँकूव्हर येथे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी इंग्रजी आणि फिलिपिन्समधील तागालोग अशा दोन्ही भाषा नियमित बोलणाऱ्या मातांची नवजात बालके पाहिली गेली. त्या बालकांना दोन्ही भाषांत रस होता, आणि तरीही त्या दोन भाषा वेगळ्या आहेत हे त्यांना ओळखता येत होते. म्हणजे ज्या गोंधळाची भीती दोन वर्षांच्या मुलाबाबत बाळगली जाते, तो नवजात अवस्थेतही आढळला नाही.

याच विषयातील आणखी एक प्रयोग मराठी माणसाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद आपल्याकडे लहान मुलालाही सहज कळतो. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला मात्र तो ऐकू येणेही कठीण जाते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ मध्ये हिंदीतील हेच दोन ध्वनी घेऊन इंग्रजी घरांतील बालकांची चाचणी केली. सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना त्यांतील फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बालकांना तो कळेनासा झाला होता. हिंदी ऐकत वाढणाऱ्या त्याच वयाच्या बालकांची ही क्षमता मात्र टिकून होती. निसर्ग जन्मतः मुलाचा कान अनेक भाषांसाठी खुला ठेवतो. जी भाषा रोज कानी पडते तिचे ध्वनी तो जपतो आणि जी पडत नाही तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. पुढे प्रयत्नाने ते भेद शिकता येतात, परंतु जे पाळण्यात विनासायास मिळाले असते, त्यासाठी मग कष्ट करावे लागतात. ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांतील दोन वेगळे ‘च’ मराठी मूल कोणत्याही पुस्तकावाचून उच्चारते, ते याच कारणाने.

जुना गैरसमज आणि भारतीय अनुभव

अनेक भाषांनी बुद्धीवर ताण येतो, ही समजूत कोठून आली हेही पाहिले पाहिजे. १९२३ मध्ये ब्रिटनमधील वेल्स प्रांतात डी. जे. सेअर यांनी केलेल्या पाहणीत दोन भाषा बोलणारी ग्रामीण मुले बुद्धिमापनात मागे असल्याचा निष्कर्ष निघाला आणि पुढे कित्येक वर्षे तो प्रमाण मानला गेला. अशा पाहण्यांत मुलांची आर्थिक स्थिती, शाळा आणि चाचणीची भाषा यांचा पुरेसा विचार होत नसे. १९६२ मध्ये माँट्रियल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सारख्याच सामाजिक स्तरातील मुलांची तुलना केली, तेव्हा फ्रेंच व इंग्रजी दोन्ही चांगल्या जाणणारी मुले मागे तर नव्हतीच, उलट अनेक चाचण्यांत पुढे होती. ओडिशामध्ये मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी कोंध जनजातीच्या मुलांचा अभ्यास केला. या समाजातील काही मुले कुई आणि ओडिया दोन्ही बोलत, तर काहींच्या भागात कुई लुप्त होऊन केवळ ओडिया उरली होती. दोन्ही भाषा जपलेल्या मुलांची कामगिरी सरस ठरली. अर्थात, दोन भाषांनी मूल असामान्य बुद्धिमान होते असा दावा करण्याचे कारण नाही. त्याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. नुकसान होत नाही, एवढे निःसंशय आहे आणि पालकांना तेवढा दिलासा पुरेसा आहे.

वस्तुतः भारतीय समाजाला हे नव्याने शिकण्याची आवश्यकता नसावी. एका घरात दोन आणि बाजारात तिसरी भाषा, हा या देशातील फार जुना प्रघात आहे. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती; त्यांनी कन्नड कवितेला वैभव दिले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार कन्नडसाठी मिळविला. काशीत मराठी कुटुंबात १८८३ मध्ये जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ ठरले. मराठी मातृभाषेचे काकासाहेब कालेलकर गुजरातीचे मान्यवर लेखक झाले. घरच्या मराठीने त्यांच्या दुसऱ्या भाषेची वाट अडविली नाही. आणि तंजावर तर प्रत्यक्ष साक्षच आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यानंतर तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे राज्य १८५५ मध्ये संपुष्टात आले. दरबार गेला, राजाश्रय गेला, शाळा तमिळ आणि इंग्रजी झाल्या. तरीही त्यांतील अनेक घरांत मराठी बोलली जात राहिली. तिच्यावर तमिळचा संस्कार झाला, शब्द जुने राहिले, पण ती जगली. तिला आधार होता तो केवळ घरातील मोठ्या माणसांनी लहानांशी बोलण्याचा.

सरमिसळ म्हणजे गोंधळ नव्हे

बंगळूरुतील एखादे मूल आईला म्हणते, “आई, नीरु दे.” पाण्यासाठी त्याने कन्नड शब्द वापरला आणि ‘दे’ मराठीतला. ऐकणाऱ्यास वाटते, पाहा, पोर गोंधळले. प्रत्यक्षात त्याला हवी ती वस्तू मिळविण्यासाठी जो शब्द जवळ होता, तो त्याने वापरला. मोठी माणसेही “मीटिंग संपली की फोन करतो” असे म्हणतातच. माँट्रियलमध्ये फ्रेड जेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांचे बोलणे नोंदविले, तेव्हा असे दिसले की, तोडकेमोडके बोलतानाही ही मुले आईशी आईची आणि वडिलांशी वडिलांची भाषा अधिक वापरतात. समोर कोण आहे, याचे भान त्यांना असते. अशा वेळी मुलाला हसू नये, दटावू नये, “मराठीत सांग, तरच देईन” अशी अटही घालू नये. “पाणी हवं? हे घे पाणी. थंड पाणी आहे,” एवढे म्हणून पेला पुढे करावा. योग्य शब्द योग्य क्षणी कानावर पडला की तो रुजतो.

शब्दांची मोजणी करतानाही एक चूक सर्रास होते. मुलाला मराठीचे तीसच शब्द येतात म्हणून ते मागे आहे असे ठरविले जाते. त्याचे कन्नड आणि हिंदी शब्द कोणी मोजत नाही. अमेरिकेतील मायामी येथे इंग्रजी व स्पॅनिश ऐकत वाढणाऱ्या लहान मुलांच्या अभ्यासात (१९९३) दोन्ही भाषांतील शब्दसंग्रह एकत्र धरला, तेव्हा तो एकभाषिक मुलांच्या तोडीचा निघाला.

येथे एक सावधगिरीची सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. अनेक भाषांमुळे बोलणे रखडत नाही, याचा दुसरा अर्थ असा की, बोलणे खरोखर रखडले असेल तर त्याचे खापर भाषांवर फोडून स्वस्थ बसता येणार नाही. मूल एक वर्षाचे होईपर्यंत ‘बाबा-मामा-दादा’ अशी बडबड करत नसेल किंवा बोटाने वस्तू दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत कोणत्याही भाषेतील एकही शब्द उच्चारत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, हाक मारल्यावर पाहत नसेल अथवा येत असलेले बोलणे गमावत असेल, तर विलंब न लावता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवणचाचणी करून घ्यावी. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ही या कार्यासाठीच उभी आहे. “चार भाषा आहेत ना, बोलेल हळूहळू,” असे म्हणत ऐकू न येणाऱ्या मुलाची मोलाची वर्षे वाया जातात. आणि उपचार सुरू असतानाही आईने आपली भाषा सोडण्याचे कारण नसते. ज्या भाषेत आई सहज बोलते, तीच त्या मुलाला सर्वाधिक साहाय्य करते.

मग मराठी हरवते ती कशाने?

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात आनिक द हॉवर या भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी सुमारे १,९०० कुटुंबांची माहिती गोळा केली. या घरांत डच या स्थानिक भाषेशिवाय आणखी एखादी भाषा बोलली जात होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे एक-चतुर्थांश कुटुंबांतील मुले ती घरची भाषा बोलत नव्हती. मात्र बहुतेक सर्वच मुले डच बोलत होती. जेथे दोन्ही पालक मुलाशी घरची भाषा टिकवून बोलत, तेथे जवळजवळ सर्व मुले ती बोलत होती. जेथे दोघेही डचकडे अधिक झुकले, तेथे ती सर्वाधिक हरवली. यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. बाहेरची भाषा आली नाही, ही दुर्मीळ घटना आहे. घरची भाषा गेली, ही नित्याची.

बंगळूरुतील मुलाला कन्नड, हिंदी आणि इंग्रजी देण्यासाठी सारे नगर उभे आहे. मराठी देण्यासाठी दोन किंवा तीनच माणसे आहेत. त्यांनीही संध्याकाळी थकून आल्यावर मुलाच्या हाती मोबाईल दिला, तर त्या दिवशीचे मराठी संपले. मोबाईलवर मराठी गाणी लावली तरी हा तोटा भरून निघत नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बालकांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकविली. ज्यांच्यासमोर प्रत्यक्ष माणूस बसून बोलला, खेळला, त्या बालकांनी चिनी ध्वनी आत्मसात केले. तीच माणसे पडद्यावर पाहिलेल्या बालकांनी काहीही ग्रहण केले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये एक वर्षाच्या बालकांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन वर्षांच्यांसाठी एक तासाची कमाल मर्यादा असावी, असे सुचविले आहे. गावी असलेल्या आजीशी दृश्य-संभाषण ही बाब मात्र निराळी आहे. तेथे आजी उत्तराची वाट पाहते, मुलाच्या बोलण्यावर हसते, त्याच्या हातातील खेळण्याविषयी विचारते. अशा दुतर्फा संवादातून दोन-अडीच वर्षांची मुले नवे शब्द शिकतात, असे २०१४ च्या एका अभ्यासात आढळले आहे.

घरात करावयाची व्यवस्था

फ्रान्समधील भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंझा यांनी आपल्या मुलाविषयी १९१३ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वडिलांनी सदैव फ्रेंच आणि आईने सदैव जर्मन बोलावे, असा त्या घरचा नियम होता आणि मुलगा दोन्ही भाषांत पारंगत झाला. आंतरप्रांतीय विवाह झालेल्या घरांत हीच पद्धत उपयुक्त ठरू शकते : आई तमिळ असेल तर तिने तमिळ बोलावे, वडिलांनी मराठी. जेथे दोघेही मराठी आहेत, तेथे उंबरठा हीच सीमा मानावी. आत मराठी, बाहेर जी असेल ती. नियम कोणताही असो, तो मुलाला समजेल इतका सातत्याने पाळला जावा आणि त्यात हट्टापेक्षा जिव्हाळा अधिक असावा.

प्रत्येकाने आपल्याला उत्तम येणारी भाषा मुलाशी बोलावी, हे सूत्र सांभाळणाऱ्या मावशींनाही लागू आहे. त्यांना मोडक्या इंग्रजीत बोलावयास लावू नये. त्यांच्या कन्नडमध्ये गोष्टी आहेत, गाणी आहेत, आपल्या माणसाला हाक मारण्याची गोडी आहे. ती मुलाला मिळू द्यावी. ज्या भूमीत मूल वाढते, तिची भाषा त्याला परकी वाटता कामा नये. कन्नडमध्येही ‘ळ’ आहेच. ती भाषा मराठीला मारक नाही.

मराठीसाठी वेगळा तास काढण्याची आवश्यकता नाही. आंघोळीच्या वेळी पाठ, कोपर, टाच, बेंबी. स्वयंपाकघरात पोळपाट, लाटणे, झारा, कोथिंबीर. देवघरात निरांजन, उदबत्ती, अक्षता. बाहेर जाताना उंबरठा, जिना, चपला. हातातील वस्तू आणि चाललेले काम यांबरोबर आलेला शब्द मूल विसरत नाही. “हे काय?” या प्रश्नाला एका शब्दात उत्तर न देता दोन वाक्ये बोलावी. रात्री चिऊताईच्या घराची गोष्ट शंभराव्यांदा सांगावी लागली तरी कंटाळू नये. पुनरुक्ती हेच त्या वयाचे अध्ययन आहे. आठवड्यातून एकदा दोन-तीन मराठी कुटुंबांतील मुले एकत्र खेळली, तर मराठी ही केवळ मोठ्या माणसांची भाषा नाही, हे त्यांना कळते. सुटीत मुलाला काही दिवस गावी राहू द्यावे. भाषाशास्त्रज्ञ वेर्नर लेओपोल्ड यांची कन्या हिल्डेगार्ड अमेरिकेत वाढताना जर्मन बोलण्यात फार मागे पडली होती. पाचव्या वर्षाच्या सुमारास काही महिने जर्मनीत राहिल्यावर ती भाषा तिच्या तोंडी पुन्हा खेळू लागली. मात्र ती रुजलेली होती, म्हणूनच परतली.

इंग्रजीविषयीची धास्तीही अनाठायी आहे. महानगरातील सुशिक्षित घरातील मुलाला इंग्रजी येणार नाही, अशी शक्यता जवळजवळ नाहीच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची, मातृ अथवा स्थानिक भाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे. शाळा कोणत्याही माध्यमाची निवडली, तरी घरी आईने शंभर शब्दांच्या इंग्रजीत “कम, सिट, ईट” म्हणण्यापेक्षा, कारणे सांगणारी, लाड करणारी, रागावणारी समृद्ध मराठी बोलणे मुलाच्या बुद्धीला अधिक पोषक आहे.

शेवटी, मराठीबरोबर नेमके काय हातचे जाते, याचा विचार व्हावा. आत्या, मावशी, काकू आणि मामी ही चार वेगळी नाती आहेत. ‘आंटी’ म्हटले की ती एकच होऊन जातात. आजोबांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’ म्हणताना मूल आदर आणि जवळीक यांच्या छटा शिकते. ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ यांत ऐकणाऱ्याला वगळणे की सामावून घेणे, हा भेद आहे आणि तो मराठी मूल फार लवकर जाणते. पाच वर्षांचे नातवंड आजीचे बोलणे समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. मग आजी कमी बोलू लागते, फोन लवकर ठेवते. दोघांचे परस्परांवर प्रेम असते, परंतु ते व्यक्त करायला सामाईक शब्द उरत नाहीत. या घरात कोणी कोणाचा अपराध केलेला नसतो. मुलाला सोपे जावे म्हणून सर्वांनी थोडी थोडी माघार घेतलेली असते.

म्हणून आज येथून घरी गेल्यावर पती-पत्नींनी दहा मिनिटे एकत्र बसावे आणि एवढेच ठरवावे : मुलाशी मराठी कोण बोलणार, दिवसाच्या कोणत्या वेळी बोलणार आणि त्या वेळी मोबाईल कोठे ठेवणार. मुलाच्या कन्नडचे, हिंदीचे, इंग्रजीचे कौतुक अवश्य करावे. त्या भाषा त्याला देणारे पुष्कळ आहेत. मराठी देणारे मात्र घरातले दोघेच आहेत, आणि त्याचे दोन वर्षांचे वय फार दिवस थांबणार नाही.